मेंदूच्या वेशीवरचा पहारा

सर्दीपडशावर पूर्वीं सर्रास दिली जाणारी गोळी घेतली कीं माणसाला थोड्याच वेळांत झोंप येऊं लागे. शाळकरी मुलगा पुस्तकावर डुलक्या घेई आणि कचेरींतला कारकून टेबलावर मान टाकी. त्याच कामासाठीं आतां मिळणाऱ्या नव्या जातीच्या गोळ्यांनीं तितकी झोंप येत नाहीं. दोन्ही गोळ्या वाहतें नाक थांबवितात, दोन्ही पोटांतून रक्तांत उतरतात आणि रक्ताबरोबर सर्वांगभर फिरतात. मग एकीनें गुंगी यावी आणि दुसरीनें न यावी, असें कां? उत्तर थोडक्यांत असें कीं, जुनी गोळी मेंदूंत शिरते. नवीला बव्हंशीं मेंदूच्या वेशीवरच अडविलें जातें.

दुसरें उदाहरण हगवणीवर देण्यांत येणाऱ्या लोपेरामाइड या औषधाचें. हें औषध अफूच्या वर्गांतलें. आंतड्यांवर तें अफूचा गुण दाखवितें, परंतु ठरलेल्या मात्रेंत घेतल्यास मेंदूला अफूची धुंदी चढत नाहीं. कारण वेशीवरचे पहारेकरी तें मेंदूंत टिकूं देत नाहींत, पुन्हां रक्तांत लोटून देतात. श्रोत्यांपैकीं पुष्कळांनीं हीं औषधें घेतलीं असतील. म्हणजेच या पहाऱ्याचा अनुभव त्यांना नकळत आलेलाच आहे. हाच पहारा आपलें जन्मभर रक्षण करतो, आणि मेंदूंतच दुष्ट गांठ उद्भवली म्हणजे हाच पहारा वैद्याच्या औषधालाही वाट देत नाहीं. या विचित्र पेंचाची हकीकत प्रत्येक सुशिक्षित कुटुंबानें जाणून घेण्यासारखी आहे.

ही वेस प्रथम कशी ध्यानांत आली, तें मोठें मनोरंजक आहे. जर्मनींतील शास्त्रज्ञ पाउल एर्लिख हे प्राण्यांच्या शरीरांत निरनिराळीं रंगद्रव्यें टोंचून कोणता अवयव कोणता रंग घेतो याचा अभ्यास करीत. १८८५ सालीं त्यांनीं असें नमूद केलें कीं, रक्तांत सोडलेल्या कांहीं रंगांनीं शरीराचे इतर अवयव रंगून निघतात, पण मेंदू आणि पृष्ठरज्जु मात्र कोरे राहतात. एर्लिख यांची समजूत अशी झाली कीं, मेंदूच्या पेशींना त्या रंगांची ओढच नसावी. त्यांचेच शिष्य एडविन गोल्डमन यांनीं १९१३ सालीं उलटा प्रयोग केला. त्यांनीं निळा रंग रक्तांत न सोडतां मेंदूभोंवतींच्या पाण्यांत सोडला. आतां मेंदू निळा झाला आणि बाकीचें शरीर कोरें राहिलें! तेव्हां मेंदूला रंगाचें वावडें नव्हतें, हें उघड झालें. रक्त आणि मेंदू यांच्यामध्यें कांहीं तरी आडवें उभें होतें.

या आडव्या गोष्टीला नांव देण्याचा मान लीना स्टर्न या विदुषीकडे जातो. जिनीव्हा विद्यापीठांत प्राध्यापकपद मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. १९२१ सालीं त्यांनीं आणि त्यांच्या सहकाऱ्यानें रक्त व मेंदू यांमधील या अडसराला फ्रेंच भाषेंत जें नांव दिलें, तेंच पुढें सर्व भाषांत रूढ झालें. मराठींत त्याला रक्त-मेंदू अडसर म्हणतां येईल. पुढें त्या रशियांत गेल्या, आणि १९३९ सालीं सोव्हिएट विज्ञान अकादमीच्या पहिल्या स्त्री-सदस्या झाल्या. क्षयामुळें मेंदूच्या आवरणांना सूज येऊन जीं मुलें दगावत, त्यांच्यासाठीं त्यांनीं एक सरळ युक्ति योजिली: रक्तांतून औषध मेंदूपर्यंत पुरेसें पोंचत नसेल, तर स्ट्रेप्टोमायसिन सरळ मेंदूभोंवतींच्या पाण्यांतच घालावें. वेशींतून वाट मिळत नसेल तर तट ओलांडावा, असा तो विचार होता. अशा स्त्रीला १९४९ सालीं, सत्तरीच्या वयांत, राजकीय आरोपावरून कैद झाली. १९५२ सालीं त्या खटल्यांतील तेरा जणांना गोळ्या घालण्यांत आल्या. स्टर्नबाई हद्दपारीवर सुटल्या आणि स्टालिनच्या मृत्यूनंतर परत येऊन पुन्हां संशोधनास लागल्या.

अडसर आहे हें कळलें, पण तो दिसतो कसा, हें कळावयास १९६७ साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं रीझ आणि कार्नोव्हस्की या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं उंदरांच्या मेंदूंतील अतिसूक्ष्म रक्तवाहिन्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिल्या. या केशवाहिन्यांची भिंत एकेरी पेशींची असते. शरीराच्या बहुतेक भागांत या पेशींच्या सांध्यांमध्यें फटी असतात आणि त्यांतून पुष्कळ द्रव्यें पाझरतात. मेंदूंत मात्र पेशीला पेशी अशी घट्ट जोडलेली आढळली कीं, जणूं चिरेबंदी तटांत चुन्यानें सांधे भरले आहेत. अडसर म्हणून कांहीं निराळा पडदा नाहीं. प्रत्येक केशवाहिनीची भिंत हाच अडसर.

यांतली मौज आणि यांतलें दुःख असें कीं, एका मनुष्याच्या मेंदूंतील साऱ्या केशवाहिन्या एकापुढें एक मांडल्या, तर त्यांची लांबी अजमासें ६०० किलोमीटर भरेल. मुंबई-नागपूर समृद्धि महामार्ग ७०१ किलोमीटरांचा आहे, त्याहून थोडीच कमी! एवढें दाट जाळें असल्यामुळें मेंदूची कोणतीही पेशी रक्तापासून केसाच्या जाडीइतकीही दूर नसते. औषध रक्तांतून वाहत अगदीं तिच्या उंबरठ्यापर्यंत येतें, आणि तेथूनच पुढें वाहत जातें.

मग आंत जातें तरी कोण? कांहीं द्रव्यें लहान आणि चरबींत विरघळणारीं असतात. पेशींचें आवरणही स्निग्ध असल्यामुळें तीं त्यांतून सरळ पार होतात. मद्य, विडींतलें निकोटिन आणि चहाकॉफींतलें कॅफीन हीं या मार्गानें जातात, म्हणूनच त्यांचा परिणाम इतक्या त्वरेनें जाणवतो. दुसरा मार्ग परवान्याचा. मेंदूला साखर हवी, प्रथिनांचे घटक हवे; त्यांच्यासाठीं भिंतींत खास वाहक असतात व ते नेमकें तेंच द्रव्य ओळखून आंत नेतात. या परवान्याचा उपयोग वैद्यांनीं मोठ्या हुशारीनें केला आहे. कंपवाताच्या रोग्याच्या मेंदूंत डोपामीन हें द्रव्य कमी पडतें. पण तें रक्तांत दिलें तर आंत जात नाहीं. त्याचें पूर्वरूप जें लेव्होडोपा, तें मात्र प्रथिनांच्या घटकासारखें दिसत असल्यानें त्या वाहकावर बसून आंत जातें आणि आंत गेल्यावर डोपामीन बनतें. तिसरी व्यवस्था हाकलून देण्याची. भिंतींतील पेशींत सूक्ष्म पंप असतात. चुकूनमाकून आंत शिरलेलें परकें द्रव्य ते उचलून परत रक्तांत टाकतात. कर्करोगावरील पुष्कळ नामांकित औषधांची गति हीच होते.

एवढा बंदोबस्त सृष्टीनें कां केला, हें विचारणें प्राप्त आहे. जेवणानंतर, व्यायामानंतर, तापांत रक्ताची घडण घटकाघटकेला बदलते. त्यांत क्षार वाढतात, अन्नांतलीं नाना द्रव्यें येतात, कधीं विषें व जंतूही येतात. इतर अवयवांना हे चढउतार सोसतात. मेंदूचें काम मात्र अतिसूक्ष्म विद्युत्संदेशांवर चालतें. भोंवतालच्या द्रवांत क्षारांचें प्रमाण थोडेंसें ढळलें तरी त्या संदेशांचा घोटाळा होतो. तेव्हां हा पहारा आहे म्हणूनच आपण जेवून उठल्यावर शुद्धीवर राहतों, असें म्हटलें तरी चालेल.

आतां या तटाच्या आंत शत्रु उत्पन्न झाला तर काय होतें तें पाहूं. मेंदूंतील गांठींचे प्रकार अनेक आहेत आणि त्यांतील कांहीं शस्त्रक्रियेनें पूर्ण बऱ्या होतात, हें प्रथम सांगितलें पाहिजे. कारण ‘मेंदूंत गांठ’ हे दोन शब्द ऐकतांच घरांतील माणसें धीर सोडतात. परंतु ग्लिओब्लास्टोमा म्हणून जो प्रकार आहे तो अति दुर्धर. त्याच्या पेशी मुळांसारख्या आजूबाजूच्या निरोगी मेंदूंत पसरत जातात. अमेरिकन शस्त्रवैद्य वॉल्टर डँडी यांनीं १९२८ सालीं अशा रोग्यांच्या मेंदूचा उजवा अर्धगोल सबंध काढून टाकल्याची हकीकत प्रसिद्ध केली. एवढें धाडस करूनही रोग हटला नाहीं. केवळ सुरीनें हा रोग संपत नाहीं, हा धडा त्यांतून मिळाला. उरलेल्या विखुरलेल्या पेशींना गांठण्यासाठीं रक्तांतून जाणारें औषधच पाहिजे.

येथें अडसराचा खरा डाव दिसून येतो. गांठीच्या मध्यभागीं नव्या रक्तवाहिन्या ओबडधोबड बनलेल्या असतात व त्यांचा तट फुटका असतो. एम्. आर्. आय्. तपासणींत शिरेंतून दिलेलें द्रव्य तेथें पाझरतें आणि चित्रांत तो भाग उजळून दिसतो. पण शस्त्रवैद्य जो भाग कापून काढतो तो बहुधा हाच. ज्या पेशी कडेनें पुढें सरकून निरोगी मेंदूंत दडल्या आहेत, त्यांच्या भोंवतींच्या केशवाहिन्यांचा तट बव्हंशीं शाबूत असतो. म्हणजे औषध जेथें सहज पोंचतें तेथें त्याची गरज थोडी, आणि जेथें गरज अधिक तेथें वेस बंद! गांठ पुन्हां उद्भवते ती बहुतेक वेळां पहिल्या जागेच्या लगतच, याचें एक मोठें कारण हें आहे.

या वेशींतून जाऊं शकणारें एक औषध इंग्लंडांत बर्मिंगहॅमच्या ॲस्टन विद्यापीठांत माल्कम स्टीव्हन्स यांच्या मंडळीनें शोधलें. त्याचें नांव टेमोझोलोमाइड. त्याचा कण लहान, तोंडानें घेतां येतो, आणि त्याचा कांहीं अंश अडसर ओलांडून आंत जातो. २००५ सालीं ५७३ रोग्यांवरील चांचणीचा निकाल प्रसिद्ध झाला. नुसत्या किरणोपचारानें अर्धे रोगी १२.१ महिने जगले होते. किरणोपचाराबरोबर हें औषध दिल्यावर हा काल १४.६ महिने झाला. वरवर पाहतां हा लाभ अडीच महिन्यांचा. पण दोन वर्षांनंतर हयात असलेल्यांचें प्रमाण शेंकडा १०.४ वरून २६.५ वर गेलें. तेव्हांपासून जगभर हाच उपचार पायाभूत मानला जातो. एका गोळीनें कोणाला मुलीचें लग्न पाहतां आलें, कोणाला नातवाचें बारसें. वैद्यकाच्या तक्त्यांतील आंकड्यांचा खरा अर्थ हा असतो.

परंतु तेवढ्यावर समाधान मानून शास्त्रज्ञ बसले नाहींत. वेस ओलांडण्याचे त्यांनीं जे निरनिराळे मार्ग काढले, ते थोडक्यांत असे. पहिला मार्ग औषध आंतच ठेवून येण्याचा. हेन्री ब्रेम आणि रॉबर्ट लँगर यांनीं विरघळणाऱ्या द्रव्याच्या चपट्या चकत्यांत कार्मुस्टीन हें औषध भरलें. गांठ काढल्यावर राहिलेल्या पोकळींत या चकत्या बसवितात आणि त्यांतून औषध हळूहळू झिरपतें. गांठ पुन्हां झालेल्या २२२ रोग्यांवरील चांचणींत, १९९५ च्या निवेदनाप्रमाणें, आयुष्याचा मध्यमान २३ आठवड्यांवरून ३१ आठवड्यांवर गेला, आणि १९९६ सालीं अमेरिकेंत या उपायास मान्यता मिळाली. उणीव एवढीच कीं, औषध चकतीपासून थोडेच मिलिमीटर पसरतें. दूरवर गेलेल्या पेशी सुटतात.

ही उणीव भरून काढण्यासाठीं दुसरा मार्ग निघाला. बारीक नळ्या मेंदूंत बसवून, अगदीं मंद दाबानें औषध तासन्‌तास आंत ढकलीत राहावयाचें, म्हणजे तें आपोआप झिरपण्यापेक्षां लांबवर जातें. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेंतील संशोधकांनीं १९९४ सालीं ही पद्धति मांडली. कल्पना उत्तम, पण २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चांचणींत या मार्गानें दिलेलें एक औषध वर सांगितलेल्या चकत्यांहून सरस ठरलें नाहीं. औषध ठरल्या जागीं सर्वत्र पोंचतच नव्हतें, असेंही मागाहून दिसलें. संशोधनाच्या वाटेवर असे माघारीचे मुक्काम बरेच असतात, आणि ते लपवून न ठेवणें हेंच शास्त्राचें शील.

तिसरा मार्ग वेस थोडा वेळ उघडण्याचा. कानाला ऐकूं न येणाऱ्या अतिउच्च ध्वनीच्या लहरींनीं हें साधतां येतें. रोग्याच्या शिरेंतून वायूचे अतिसूक्ष्म बुडबुडे सोडतात. लहरी पोंचतांच ते बुडबुडे केशवाहिनीच्या आंत फुगूं-आकसूं लागतात आणि त्या हिसक्यानें पेशींचे घट्ट सांधे क्षणकाल सैल होतात. कुलर्व्हो ह्युनिनेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००१ सालीं सशांवर हें दाखवून दिलें. नोव्हेंबर २०१५ मध्यें कॅनडांतील टोरोंटो येथें मेंदूच्या गांठीच्या रोग्यावर बाहेरून लहरी सोडून हा प्रयोग झाला. पॅरिसमध्यें कवटींतच ध्वनियंत्र बसविण्याची रीति निघाली. २०२३ सालीं शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठांतील वैद्यांनीं १७ रोग्यांवरील अनुभव प्रसिद्ध केला. एरवीं मेंदूंत न शिरणारें पॅक्लिटॅक्सेल हें औषध वेस उघडली असतां तेथें सुमारें पावणेचार पट, आणि कार्बोप्लॅटिन हें जवळजवळ सहा पट पोंचल्याचें आढळलें. विशेष हें कीं, उघडलेली वेस पहिल्या तासाभरांतच बव्हंशीं मिटते. म्हणून औषध केव्हां द्यावें, यालाही महत्त्व आलें. तथापि औषध पोंचलें म्हणजे रोगी वांचला असें नव्हे. आयुष्य खरोखर वाढतें कीं नाहीं, हें मोठ्या तुलनात्मक चांचण्यांनींच ठरेल. शिवाय पहारा उठविला कीं औषधाबरोबर नको तें द्रव्यही आंत शिरूं शकतें. म्हणून हें काम फार जपून करावें लागतें.

चौथा मार्ग म्हणजे वेशींतून जाईल असेंच औषध मुळापासून घडविणें. २००८ सालीं असें आढळलें कीं, मेंदूच्या कांहीं गांठींत आय्‌डीएच् या नांवाच्या जनुकांत बिघाड झालेला असतो. त्या बिघाडावर नेमका बोट ठेवणारें आणि मेंदूंत सहज शिरणारें व्होरासिडेनिब हें औषध तयार झालें. सावकाश वाढणाऱ्या गांठींच्या ३३१ रोग्यांवरील चांचणींत रोग पुन्हां बळावेपर्यंतचा मध्यमान काल ११.१ महिन्यांवरून २७.७ महिन्यांवर गेला, आणि ऑगस्ट २०२४ मध्यें अमेरिकेंत त्यास मान्यता मिळाली. हें औषध त्या विशिष्ट बिघाडाच्या गांठींपुरतेंच आहे. सर्व गांठींवरचा तो रामबाण नव्हे.

या सर्व विवेचनांतून कुटुंबांतील माणसांना एक व्यावहारिक कसोटी मिळते. अमक्या द्रव्यानें कर्काच्या पेशी मरतात, अशी बातमी वारंवार येते. कांचपात्रांतील पेशींवर हळदीचें सत्त्वसुद्धां परिणाम करतें. पण तें आंतड्यांतून रक्तांतच फार थोडें उतरतें, मग मेंदूची गोष्ट दूरच. तेव्हां अशी बातमी वाचली कीं दोन प्रश्न विचारावेत. तें द्रव्य मेंदूंत पुरेसें पोंचतें काय? आणि तें घेतलेले रोगी न घेतलेल्यांहून अधिक जगले, हें तुलना करून पाहिलें आहे काय? या दोन प्रश्नांचीं उत्तरें नसतील, तर घरदार गहाण ठेवून त्या उपायामागें धांवूं नये.

मेंदूच्या या वेशीबरोबर दुसऱ्याही एका वेशीचा विचार केला पाहिजे, ती रुग्णालयाची. किरणोपचार बहुधा सहा आठवडे, आठवड्यांतून पांच दिवस चालतो. परळचें टाटा स्मारक रुग्णालय १९४१ सालीं सुरू झालें, आणि तेव्हांपासून दूरदूरच्या गांवांहून रोगी तेथें येतात. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेंत अशा कुटुंबांना आसरा मिळतो. सहा आठवडे मजुरी बुडवून परक्या शहरांत राहणें ज्याला जमत नाहीं, त्याच्या बाबतींत औषध अडसर ओलांडणारें असलें काय आणि नसलें काय, सारखेंच.

आणि ही दुसरी वेस वेळेवर गांठणें पुष्कळ अंशीं आप्तांच्या हातीं असतें. मोठ्या वयांत आयुष्यांत प्रथमच आंकडी येणें, सकाळीं उठतांच डोकें दुखून उलटी होणें व तें दुखणें दिवसेंदिवस वाढणें, एका बाजूचा हातपाय दुबळा होणें, बोलतांना शब्द न सांपडणें, ही लक्षणें दुसऱ्याही कारणांनीं होतात. पण तीं अंगावर काढण्याजोगीं खास नाहींत. आंकडी आली असतां कांदा किंवा जोडा हुंगविणें, दांतांत चमचा घालणें, तोंडांत पाणी ओतणें, या रूढ गोष्टींनीं लाभ होत नाहीं, अपाय मात्र होऊं शकतो. रोग्याला कुशीवर वळवावें, भोंवतालच्या टोंचणाऱ्या वस्तु दूर कराव्या, गळ्याजवळचे कपडे सैल करावे आणि घड्याळ पाहावें. पांच मिनिटांत आंकडी थांबली नाहीं, एका पाठोपाठ दुसरी आली किंवा ती आयुष्यांतली पहिलीच असली, तर तात्काळ मदत मागवावी. महाराष्ट्रांत १०८ या क्रमांकाची रुग्णवाहिकेची सेवा २०१४ पासून आहे. हा आंकडा घरांतील मुलांनाही पाठ असावा.

एर्लिख यांच्या कोऱ्या राहिलेल्या मेंदूपासून क्षणभर उघडून मिटणाऱ्या वेशीपर्यंत यावयास शास्त्राला सव्वाशें वर्षांहून अधिक काळ लागला, आणि मुक्काम अजून दूर आहे. आंतली वेस उघडण्याचें काम संशोधक करीत आहेत. बाहेरची वेस रोग्यानें वेळेवर गांठावी, यासाठीं मात्र शहाण्या शेजाऱ्यापासून शासनापर्यंत प्रत्येकाला कांहीं ना कांहीं करतां येण्यासारखें आहे.